वाशीतला जिम ट्रेनर म्हणतो क्रिएटिन (मसल्ससाठी घेतात ती सप्लिमेंट पावडर) रोज २० ग्रॅम चालूच ठेव, मसल्स एवढं घेतात का?
नाही घेत, मसल्स भरले की आत ओढणं कमी करतात आणि जास्तीचं लघवीवाटे जातं. रक्तातलं क्रिएटिन आत खेचायला पेशीच्या पडद्यावर एक ट्रान्सपोर्टर असतो, सोडियम-क्लोराईडच्या जोरावर चालणारा, आणि आतलं क्रिएटिन वाढलं की त्याचं काम मंदावतं, म्हणून तर हॅरिस वगैरे संशोधकांनी लोकांना क्रिएटिन देऊन केलेल्या १९९२ च्या प्रयोगात ज्यांचा साठा मुळात कमी होता त्यांच्यात वाढ जास्त दिसली, आणि ज्या पायाने व्यायाम केला त्यात तर अजूनच. मी ठाण्यात फिजिओलॉजी शिकवते, हा भाग दरवर्षी घेते. २० ग्रॅम पाच-सहा दिवस ठीक, पुढे ३ ग्रॅम पुरतात, एवढे महागाचे डबे उगाच कशाला संपवायचे! फक्त किडनीचा काही त्रास असेल तर तेवढंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.