मंगोलियाच्या स्टेपवर घडणारी मुलांची साहसी चित्रकथा लिहायची आहे. काय माहीत असायला हवं?

प्रश्नाखाली तुम्ही कथानक दिलंय: दहा वर्षांचा मुलगा, त्याचा पांढराशुभ्र घोडा, चंगीझ खानाचा पुरलेला खजिना, मदतीला एक गरुड. मीही मुलांच्या चित्रकथांच्या संहिता लिहिते, म्हणून स्पष्टच सांगते. खजिना काढून टाका.

स्टेपवर साहसाची वानवा नाही. स्टेप म्हणजे गवताळ माळ; त्यावर मैलोन् मैल कुंपण नाही, घोडे मोकळे चरतात आणि लांब निघून जातात. ते हुडकायला घरातली पोरंही निघतात. हरवलेले घोडे, वाटेत लांडग्यांचा माग, अचानक आलेलं वादळ, अनोळखी घरी काढलेली रात्र. एवढ्यात अख्खं पुस्तक होतं आणि नकाशाचा तुकडाही लागत नाही.

गरुडाचंही बघा. गरुडाकडून शिकार करवणारे लोक मुख्यतः कझाक आहेत आणि ते राहतात देशाच्या पश्चिम टोकाला, बायान-उल्गी प्रांतातल्या अल्ताई डोंगरांत. रेनडियर पाळणारे उत्तरेला खुव्सगुलच्या जंगलात. दोन मदारींचे उंट स्टेपवर दिसतात, पण त्यांचं खरं राज्य दक्षिणेला गोबीत. हा देश महाराष्ट्राच्या पाचपट मोठा आहे. लोक मात्र जेमतेम 35 लाख, त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या राजधानी उलानबातरमध्ये. तेव्हा एकाच दिवसाच्या दौडीत गरुड, उंट आणि रेनडियर भेटवू नका.

गोष्ट आजची असेल तर नायक सप्टेंबर ते मे घरी नसतोच. गुराख्यांची बरीचशी मुलं तालुक्याच्या गावी शाळेच्या वसतिगृहात राहतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येतात. माझ्या मते हीच उत्तम सुरुवात: मुलगा परततो, तर चराईसाठी फिरणाऱ्या घरच्यांनी तंबू दुसरीकडे हलवलेला. शिवाय तंबूबाहेर सोलर पॅनल, डिश अँटेना आणि मोटरसायकल दाखवायला लाजू नका. मेंढरं मोटरसायकलवरूनही वळतात.

आता घोडा. मंगोलियन घोडा बुटका, खांद्यापाशी साधारण 120 ते 140 सेंमी. डोकं मोठं, पाय आखूड, अंग दणकट. चित्रकाराने अरबी घोडा काढला की सगळं फसलं. खच्ची केलेल्या घोड्याची आयाळ कातरतात, वळूची लांब ठेवतात. एवढ्या एका खुणेवर वाचक कळपातला म्होरक्या ओळखतो. घोड्याला सहसा नाव ठेवत नाहीत, रंगावरून आणि खुणांवरून ओळखतात. त्यामुळे 'बिजली' किंवा 'तुफान' नको. खोगीर लाकडी, पुढून-मागून उंच, आणि दुडक्या चालीत स्वार रिकिबीत उभा राहतो.

घोडा पकडायला दोरी गरगर फिरवत नाहीत, ते अमेरिकन काउबॉयचं काम. इथे ऊर्गा असते: चार-पाच मीटरांची लवचिक काठी आणि टोकाला दोरीचा फास. स्वार भरधाव पाठलाग करत काठी पुढे सरकवतो, फास मानेत अडकवतो आणि लगेच खोगिरामागे सरकून सगळं वजन मागे टाकतो. याला मी तीन उभ्या चौकटी देईन, संवाद एकही नाही.

तंबूला गेर म्हणतात. दार दक्षिणेला. मधोमध चूल, छताच्या शेंड्याला गोल झरोका. त्यातून येणारा उन्हाचा कवडसा सकाळी पश्चिमेच्या अंगाला असतो, दुपारी उत्तरेकडे मानाच्या जागेजवळ पोचतो आणि संध्याकाळकडे पूर्वेला भांड्याकुंड्यांच्या बाजूने वर चढतो. तुमच्या चित्रकाराला आयतं घड्याळ मिळालं, 'थोड्या वेळाने' अशा पट्ट्या लिहायला नकोत. पाहुणा आत शिरून डावीकडे वळतो. उंबऱ्यावर पाय देत नाहीत, मधल्या दोन खांबांमधून जात नाहीत. अनोळखी गेरजवळ जाताना आधी ओरडायचं, 'कुत्रं धरा!' कुत्रं दिसत नसलं तरी. विनोदाला ही जागा फार चांगली आहे.

झाडं नाहीत म्हणून सरपण नाही. चुलीत रानशेण्या जळतात. त्या गोळा करणारं पोर पाठीवर टोपली बांधतं आणि लाकडी पंजाने एकेक शेणी उचलून खांद्यावरून मागे टोपलीत उडवतं. नायकाची ओळख यानेच करून द्या.

खलनायक लागत असेल तर हिवाळा पुरे. 2009-10 च्या 'झुद'मध्ये, म्हणजे चारा बर्फाखाली गाडणाऱ्या जीवघेण्या थंडीत, देशात 80 लाखांहून जास्त जनावरं मेली. लहानांच्या गोष्टीत ते थेट दाखवू नये असं मला वाटतं, पण आजीच्या बोलण्यात एखादं वाक्य येऊ द्या. मराठी वाचकाशी धागा जोडायचाच तर पट्टकदंब हंस आहेत. मंगोलियाच्या तळ्यांवर ते अंडी घालतात, आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडच्या जलाशयांवर येणाऱ्या थव्यांत तिथलेही असतात.

शेवटाला जुलैमधला नादाम उत्सव घ्या. त्यातली घोड्यांची शर्यत गोल मैदानात नसते, सरळ माळावरून असते: दोन वर्षांच्या शिंगरांसाठी दहा-बारा किलोमीटर, मोठ्या घोड्यांसाठी पंचवीसच्या आसपास. स्वार मुलंच असतात, पण मान घोड्याचा आणि त्याला तयार करणाऱ्याचा. आणि दोन वर्षांच्या गटात जो शेवटचा येतो त्याच्यासाठीही खास गाणं म्हणतात, पुढच्या वर्षी तू पहिला येशील म्हणून. तुमच्या नायकाचं शिंगरू शेवटचं आणा. पहिलं आलेलं शिंगरू सगळेच रंगवतात, आणि पुढचा भाग लिहायची सोयही राहते.