बँडमध्ये गिटारी किती हव्यात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ठाण्यात मी गिटार शिकवतो आणि शनिवार-रविवार ठाणे-नवी मुंबईतल्या कार्यक्रमांत मिक्सरवर बसतो. त्यामुळे गिटार हातात घेणाऱ्यांची बाजूही कळते आणि समोर बसून ऐकणाऱ्यांचीही. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरणारे होते. त्यातले सहा निवडले आहेत.

आम्ही कॉलेजमधले पाच जण. एक ड्रमर, एक गायक आणि तीन गिटार. बेस गिटार कुणीच वाजवत नाही. फेस्टला वाजवलं तेव्हा सगळे म्हणाले, नुसता कालवा वाटतो. तिघंही शाळेपासूनचे मित्र आहोत. एकाला काढावं लागेल का?
*विद्यार्थी, वर्तकनगर*

कुणालाही काढू नका. आधी तिघं मिळून नेमकं काय वाजवताय ते बघा.

मागच्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, जॅमरूममध्ये, अशाच एका बँडबरोबर बसलो होतो. गाणं 'जी'मध्ये होतं. तिघांनीही जी कॉर्ड धरली, तिघांचीही मोकळ्या तारांची, पहिल्या तीन फ्रेटमधली, म्हणजे पडद्यांमधली. तिघांचे हातही एकाच ठेक्यात वरखाली. ड्रमर आणि गायकाला म्हटलं, तुम्ही चालू ठेवा. मग एका गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला. काहीच फरक पडला नाही. दुसरीचा केला, तेव्हा गाणं मोकळं झालं आणि गायकाचे शब्द त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले. ज्या दोघांना मी बंद केलं होतं, त्यांचे चेहरे उतरले. पण ऐकू त्यांनाही आलं होतं.

पंगतीत वाढपी तिघे आणि तिघांच्याही हातात भाताचंच पातेलं असलं, तर पान भरतं, जेवण होत नाही. गिटारच्या बाबतीत यामागे साधं शास्त्र आहे. तेवढ्याच आवाजाची दुसरी गिटार जोडली की पातळी वाढते सुमारे 3 डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहा गिटारी. तेव्हा दुसऱ्या गिटारने जोर फारसा वाढत नाही, गर्दी मात्र वाढते. ही गर्दी होते 200 ते 400 हर्ट्झच्या आसपास. पुरुष गायकाच्या आवाजाचा भरीवपणाही तिथेच असतो. गायक दबतो, मग तो ओरडतो, मग गिटारवाले अँप वाढवतात.

म्हणून बँडमध्ये माणसं मोजायच्या आधी गाण्यात कामं किती आहेत ते मोजा. प्रत्येक गाण्यासाठी एक कागद घ्या. मुखडा, अंतरा, मधला तुकडा, शेवट, आणि प्रत्येकापुढे कुणी काय करायचं ते लिहा. एक जण मोकळ्या कॉर्ड वाजवतोय ना? मग दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा आणि जी, सी, डी ऐवजी डी, जी, ए चे आकार धरावेत. कॉर्ड त्याच निघतील, पण वरच्या सुरांत. दोन गिटारी एकमेकींच्या अंगावर न पडता शेजारी उभ्या राहतील. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची ती ओळखीची सुरुवातही सातव्या फ्रेटवर कॅपो लावून, ई मायनरच्या आकारातून वाजवलेली आहे. गाणं ऐकू येतं ते बी मायनरमध्ये.

आणि तिसरा? तुमच्याकडे बेस नाही, हे वाचून मला उत्तर मिळालं. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झला वाजते, बेसची 41 ला. त्या खालच्या सप्तकात तुमच्या बँडमध्ये आज कुणीच नाही, म्हणून ड्रम्स आणि गिटार सुटे सुटे वाटतात. तिघांपैकी ज्याला ड्रमरबरोबर वाजवायला आवडतं त्याने बेस घ्यावा. सक्ती करू नका आणि चिठ्ठ्याही टाकू नका. महिनाभर कुणाची तरी बेस उसनी आणा आणि तिघांनी आळीपाळीने वाजवून बघा. कोण रमतो ते आपोआप कळेल.

तीन गिटारींचे मोठे बँड आहेतच. आयर्न मेडन 1999 पासून तीन गिटारवादकांसह वाजवतोय. पण तिथे स्टीव्ह हॅरिसची बेस खाली खणखणीत असते आणि तिघांची कामं वाटून दिलेली असतात. शिवाय आपली पाळी नसताना गप्प राहायला ते शिकलेले आहेत. सगळ्यात अवघड तेच आहे. जो गिटारवादक पूर्ण अंतराभर हात तारांवर ठेवून थांबू शकतो आणि मुखड्याला आत येतो, त्याचं येणं प्रेक्षकांना जाणवतं.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. सोसायटीतल्या मुलांच्या बँडमध्ये आधीच दोन गिटार आहेत, म्हणून त्याला म्हणाले, तू बेस घे. तो हिरमुसलाय. बेस म्हणजे खालचं काम असतं का? घेऊन द्यावी का?
*एक आई, नौपाडा*

खालचे सूर असतात, खालचं काम मुळीच नाही. त्याला सांगा, बीटल्समध्ये पॉल मॅकार्टनीही आधी गिटारच वाजवत होता. लेनन आणि हॅरिसनसह ते तिघं गिटारवाले होते. 1961 मध्ये त्यांचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून गेला आणि बेस पॉलकडे आली. पुढे त्याने त्या वाद्याचं काय केलं ते अख्ख्या जगाने ऐकलं.

एक प्रयोग करून बघा. त्याच्या आवडीचं गाणं मोबाइलच्या स्पीकरवर लावा आणि मग चांगल्या हेडफोनवर. मोबाइलचा एवढासा स्पीकर बेसचे खालचे सूर वाजवूच शकत नाही. आजची बरीच मुलं बेस न ऐकताच लहानाची मोठी होतात आणि म्हणून त्यांना ती महत्त्वाची वाटत नाही. हेडफोनवर ऐकताना त्याला म्हणा, आता फक्त खालचा आवाज धरून ठेव.

विकत घेण्याची घाई करू नका. घ्यायची झालीच, तर नेहमीच्या 34 इंची स्केलबरोबर (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) 30 इंची शॉर्ट स्केलही हातात धरून बघू द्या. बोटं लहान असतील तर सुरुवातीला तीच सोपी जाते. मॅकार्टनीची ती व्हायोलिनच्या आकाराची बेसही 30 इंचीच.

आमचा तिघांचाच बँड. ड्रम्स, बेस आणि मी, मीच गातोही. सोलो सुरू केला की मागून सगळं रिकामं होतं. दुसरा गिटारवादक शोधू का?
*खारघर*

शोधायच्या आधी सहा महिने तिघांत काढा. क्रीम, जिमी हेंड्रिक्सचा बँड, रश, पोलीस, सगळे तिघांचेच. आणि आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 15 डिसेंबर 2019 ला यू-टू वाजवून गेले आणि जानेवारी 2025 मध्ये तीन रात्री कोल्डप्ले. दोन्ही चौघांचे बँड आणि दोन्हींत मुख्य गिटारवादक एकच. यू-टूचा गिटारवादक एज याने तर एका गिटारने मैदान भरायचं तंत्रच बसवलंय. डिले, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं पेडल, त्याची वेळ तो पाऊण मात्रेवर लावतो. गाणं 120 च्या लयीत असेल तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची आणि डिले 375 चा. तुम्ही मात्रेला दोन सूर वाजवत असाल, तर प्रत्येक सुराचा पडसाद तुमच्या पुढच्या दोन सुरांच्या मधोमध येऊन बसतो.

तुमचा खरा प्रश्न मात्र सोलोचा आहे आणि तो पेडलने सुटणार नाही. सोलो सुरू होताच कॉर्ड वाजवणारं कुणी उरत नाही, मग ते काम तिघांत वाटायला हवं. बेसवादकाने तिथे एकेरी सूर सोडून मूळ सूर आणि पाचवा सूर एकत्र धरावेत, आवाजाला जरा खरखर द्यावी. ड्रमरने बंद हाय-हॅट झांजा सोडून राइडवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, जावं, त्याच्या गुंजनाने वरची जागा भरते. आणि तुम्ही सोलो एकेका तारेवर धावण्याऐवजी मधून मधून दोन तारा एकत्र छेडा. गाणं ई, ए किंवा डी मध्ये असेल तर तीच तार मोकळी वाजू द्या, तंबोऱ्यासारखी. आपल्या कानांना षड्ज सतत मागे असण्याची सवयच आहे.

थोडा रिकामेपणा राहिला तर राहू द्या. तिघांच्या बँडमधला तो मोकळा अवकाश मला स्वतःला फार आवडतो.

वाशीत दिवाळी पहाट बसवतोय. भावगीतं, नाट्यगीतं, अभंग. तबला, पखवाज, हार्मोनियम, कीबोर्ड, एक गायक, एक गायिका. गिटारवादक दोन बोलवावेत का? एक जण म्हणतो, दोनाशिवाय भरणा होत नाही.
*आयोजक, वाशी*

एकच बोलवा आणि त्यालाही कमी वाजवायला सांगा.

या संगीतात भरणा करण्याचं काम हार्मोनियम आणि कीबोर्ड आधीच करतायत, आणि ठेक्याचं तबला. त्यावर पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने, जोरदार स्ट्रमिंग केलं तर तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा बोल, ऐकूच येत नाही. बोटांनी प्लकिंग करणारा माणूस बघा. कीबोर्डवाल्याचा डावा हात खालच्या सुरांवर असेल, तर गिटारने जाड तारा शक्यतो टाळाव्यात, नाहीतर दोघांपैकी एकाने ते काम सोडावं.

नाट्यगीतांसाठी एक खास विनंती. कॉर्डमधला गंधार गिटारच्या पडद्याने पक्का बांधलेला असतो, आणि गायकाचा गंधार रागाप्रमाणे किंचित चढा किंवा उतरता लागतो. दोघं समोरासमोर आले की गायकालाच त्रास होतो. तिथे पूर्ण कॉर्ड न धरता फक्त सा-प वाजवावं, किंवा नुसतं थांबावं. अभंग रंगात आला, पखवाज वर आला, की मग खुशाल हात मोकळा सोडा.

पट्टीचं म्हणाल, तर गायकाची काळी एक (सी शार्प) आणि गायिकेची काळी चार (जी शार्प) असेल तर गिटारवाल्याची सोय आहे. कॅपो पहिल्या फ्रेटवर ठेवून एकासाठी सी चे आकार आणि दुसरीसाठी जी चे. गाण्यांच्या मधे निवेदक बोलत असताना कॅपो हलवायची गरजच पडत नाही. दुसऱ्या गिटारचं जे मानधन वाचेल ते चांगल्या ध्वनिव्यवस्थेवर खर्च करा. पहाटे साडेपाचला हार्मोनियमचा माइक नीट लागलेला असला, की निम्मा कार्यक्रम जिंकलात.

आम्ही दोघं लीड वाजवतो. ठरवून एकच सोलो दोघांनी वाजवला तर बेसूर वाटतो. मग एकट्यानेच दोन सुरांत वाजवला, तर डिस्टॉर्शनवर नुसता गुरगुराट. चूक कुठे आहे?
*कोपरखैरणे*

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण दुसरा गिटारवादक खरोखर कशासाठी लागतो याचं सगळ्यात सुंदर उत्तर यातच दडलंय.

आधी गुरगुराटाचं बघू. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमधून, दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या वारंवारितेतल्या फरकाइतका एक तिसरा सूर तयार होतो. ए 440 आणि त्याचा पाचवा सूर ई 659 घ्या. फरक 219, म्हणजे जवळपास खालच्या सप्तकातला ए. सुरात बसला. पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ सूर आणि पाचवा सूर, डिस्टॉर्शनवर भक्कम वाटते ती यामुळे. आता ए 440 आणि त्याचा तिसरा सूर सी शार्प 554 घ्या. फरक 114. तिथे ना धड ए आहे, ना ए शार्प. दोन पडद्यांच्या मधे अडकलेला हा सूर म्हणजेच तुमचा गुरगुराट. चूक तुमच्या बोटांची नाही.

हेच दोन सूर दोन गिटारींवर, दोन वेगळ्या अँपमधून वाजवले, तर प्रत्येक डिस्टॉर्शनमध्ये एकच सूर जातो. तिसरा सूर तयारच होत नाही आणि दोन्ही हवेत मिसळतात. ऑलमन ब्रदर्स बँडचे ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स, ईगल्सचे डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या जोड्यांचं ते गोड वाजणं यातूनच येतं. हे काम एकट्या माणसाला, एका अँपवर, जमणारं नाही.

तेव्हा दोघांनी तेच सूर वाजवणं सोडा. एकाने मूळ चाल धरावी, दुसऱ्याने त्याच स्केलमधला तिसरा सूर. सी मेजरमध्ये पहिला सी वाजवतो तेव्हा दुसरा ई, पहिला डी तेव्हा दुसरा एफ. चार फ्रेट वर, असं ठोकून चालणार नाही. सी ते ई चार फ्रेट आहेत, पण डी ते एफ तीनच.

एकत्र वाजवताना बेसूर का वाटतं, त्याचं कारण बहुतेक बेंडमध्ये सापडेल. तार ओढून दोघं सुरात पोहोचता, पण वेगवेगळ्या क्षणी. आधी अँप बंद ठेवून, समोरासमोर बसून, तोच बेंड गाऊन वाजवा. व्हायब्रेटो, म्हणजे सुराला दिलेलं कंपन, कुणाचा जलद, कुणाचा संथ, तेही ठरवून घ्या. आणि जॅमरूमच्या एसीतून बाहेर दमट हवेतल्या स्टेजवर आल्यावर दहा मिनिटं गिटार उघडी ठेवा, मगच ट्यून करा. दोघांनीही एकाच ट्यूनरवर.

माझ्या जोडीचा दुसरा गिटारवादक नोकरीसाठी बेंगळुरूला चाललाय. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. त्याचे भाग रेकॉर्ड करून बॅकिंग ट्रॅकवर वाजवले तर चालेल?
*ऐरोली*

चालेल, पण ड्रमरला इअरफोनवर क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, ऐकत वाजवायची सवय असेल तरच. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गायक एक ओळ जास्त गायला की सगळे रस्त्यावर येता. त्यामुळे जाणाऱ्या गिटारवादकाचे सगळे भाग ट्रॅकवर घेऊ नका. आधी यादी करा, त्याच्याशिवाय गाणं ओळखूच येणार नाही असे तुकडे किती? बहुधा दोन-तीन निघतील. ते तू शिकून घे आणि तिथे तुझं रिदम सोडून दे, बेस सांभाळेल. तरीही जो एखादा तुकडा उरेल तेवढाच ट्रॅकवर ठेवा. ट्रॅक एका बाजूने आणि क्लिक दुसऱ्या बाजूने, असं इंटरफेसमधून वेगळं काढा, म्हणजे क्लिक प्रेक्षकांच्या स्पीकरमध्ये जाणार नाही. आणि तो जायच्या आधी त्याला एकदा जॅमरूममध्ये बसव, तुझ्या समोर, आणि त्याचे हात मोबाइलवर शूट करून ठेव. नुसतं ऐकून कुठला आकार कुठे धरला ते कळत नाही.