एएस/४०० वर सीएल प्रोग्राम आयएलईमध्ये नेल्यावर जुना आरपीजी रिपोर्ट चुकीचा मेंबर का उघडतो?

तुमचा प्रश्न असा: आयबीएमच्या एएस/४०० संगणकावर वेर्ण्याच्या गोदामाचा स्टॉक एकाच फाइलीत आहे आणि म्हापसा, मडगाव, फोंडा असे शाखेप्रमाणे मेंबर, म्हणजे फाइलीतले वेगळे भाग, आहेत. रिपोर्ट आरपीजी-३ या जुन्या भाषेतला. त्याला कॉल करणारा सीएल (कमांडांचा प्रोग्राम) चवथीच्या सुट्टीत सीएलएलई, म्हणजे नव्या आयएलई पद्धतीचा, करून कंपाइल केला, आणि तेव्हापासून फोंडा निवडा नाहीतर मडगाव, छापून येतो तो म्हापशाचाच स्टॉक. एरर मात्र एकही नाही.

फाइल ठीक आहे आणि आरपीजीही ठीक आहे. बदलली आहे ती ओव्हररायडची, म्हणजे कुठला मेंबर उघडायचा हे सांगणाऱ्या सूचनेची, हद्द.

ओव्हीआरडीबीएफ या ओव्हररायड लावणाऱ्या कमांडमध्ये ओव्हीआरस्कोप (हद्द ठरवणारा पॅरामीटर) दिला नाही तर *एसीटीजीआरपीडीएफएन धरला जातो. कमांड डीफॉल्ट अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुपमधून (ग्रुप म्हणजे जॉबमधला प्रोग्रामांचा वेगळा कप्पा) सुटली तर ओव्हररायड कॉल लेव्हलला लागतो, म्हणजे त्या सीएलने खाली कॉल केलेल्या सगळ्यांना तो दिसतो. जुना सीएलपी, म्हणजे आयएलईआधीचा सीएल, असाच चालत होता. आता तुमचा सीएल डीएफटीएसीटीजीआरपी(*नो) आणि एसीटीजीआरपी(क्यूआयएलई) देऊन कंपाइल झालेला दिसतो. त्यामुळे तीच कमांड आता ओव्हररायड क्यूआयएलई ग्रुपपुरता लावते. आरपीजी-३ चा प्रोग्राम ओपीएम, म्हणजे आयएलईआधीच्या पद्धतीचा, आहे, तो कायम डीफॉल्ट ग्रुपमध्येच चालतो. त्याला हा ओव्हररायड दिसतच नाही, तो फाइल सरळ उघडतो आणि पहिला मेंबर घेतो. तुमच्याकडे पहिला मेंबर म्हापसा. प्रोग्राम पडला असता तर बरं झालं असतं, निदान कुणाच्या लक्षात आलं असतं.

खात्री करून घ्या. रिपोर्ट चालू असताना दुसऱ्या सेशनवरून डब्ल्यूआरकेजॉब करा. १४ मध्ये उघड्या फाइली आणि मेंबर दिसतील, १५ मध्ये ओव्हररायड कुठल्या पातळीवर आहे ते, १८ मध्ये अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप. ११ मधल्या कॉल स्टॅकवर एफ११ दाबलात की कुठला प्रोग्राम कुठल्या ग्रुपमध्ये आहे तेही कळतं.

तातडीचा उपाय: सीएलएलईमधल्या प्रत्येक ओव्हीआरडीबीएफला ओव्हीआरस्कोप(*कॉललेव्हल) लावा, कमांडमध्ये हे *सीएएलएलएलव्हीएल असं टाइप करायचं. *जॉब लावलात तरी रिपोर्ट बरोबर येईल, पण तो ओव्हररायड सीएल संपल्यावरही जॉबभर राहतो आणि स्वतः डीएलटीओव्हीआर करून काढावा लागतो. कॉल लेव्हलचा सीएलबरोबर आपोआप जातो, म्हणून मी तोच घेईन. किंवा सीएल डीएफटीएसीटीजीआरपी(*येस) देऊन पुन्हा कंपाइल करा. सीआरटीबीएनडीसीएल या कंपाइलच्या कमांडचं डीफॉल्ट तेच आहे, म्हणजे *नो कुणीतरी मुद्दाम घातलंय. ते का घातलं, हे आधी विचारून घ्या.

उद्या रिपोर्टही आरपीजी-४ (आयएलईमधली नवी आरपीजी) करून क्यूआयएलईमध्ये टाकलात तर बरोबर शाखा छापून येईल आणि सगळं सुटलं असं वाटेल. पण ग्रुपला लागलेला ओव्हररायड सीएल संपला तरी ग्रुप असेपर्यंत तसाच राहतो. त्याच सेशनमध्ये, त्याच ग्रुपमध्ये, स्वतःचा ओव्हररायड न देणारा दुसरा प्रोग्राम ती फाइल उघडेल तेव्हा त्याला मघाचीच शाखा मिळेल.

उलट दिशेलाही अडतं, विशेषतः ओपीएनक्यूआरवायएफ या निवडक रेकॉर्ड उघडणाऱ्या कमांडला. ओपीएम सीएलने शेअर(*येस) देऊन निवडक रेकॉर्डांचा रस्ता उघडला आणि क्यूआयएलईमधल्या आरपीजी-४ ला कॉल केला, तर तो रस्ता दुसऱ्या ग्रुपबरोबर वाटला जात नाही. आरपीजी स्वतःच फाइल उघडतो आणि गाळणी न लागता सगळे रेकॉर्ड वाचतो. तिथे ओपीएनक्यूआरवायएफला ओपीएनस्कोप(*जॉब), आणि ओव्हीआरडीबीएफलाही ओपीएनस्कोप(*जॉब) लागतो. कमिट सुरू करणाऱ्या एसटीआरसीएमटीसीटीएलचंही तसंच: एका कमिटमध्ये दोन्हीकडचे प्रोग्राम हवे असतील तर सीएमटीस्कोप(*जॉब).

आरसीएलआरएससी (उघड्या राहिलेल्या फाइली वगैरे मोकळ्या करणारी कमांड) कुठे कुठे आहे तेही शोधा. एसीटीजीआरपी(*कॉलर), म्हणजे कॉल करणाऱ्याच्याच ग्रुपमध्ये चाल, असं असलेल्या आरपीजी-४ ला ओपीएम सीएलने कॉल केला की तो डीफॉल्ट ग्रुपमध्ये चालतो. तो एलआर (काम पूर्ण संपल्याची खूण) न लावता परतला आणि मग आरसीएलआरएससी आली, तर त्याच्या फाइली बंद होतात पण स्टॅटिक मेमरी तशीच राहते. त्याच्या लेखी फाइल उघडीच, म्हणून पुढच्या कॉलला वाचायला गेला की आपटतो. ओपीएमखाली *कॉलर नको, एवढं पाळलंत तरी पुष्कळ.

एकेक प्रोग्राम हलवायचा असेल तर सीव्हीटीआरपीजीएसआरसीने सोर्स बदला (क्यूआरपीजीएलईएसआरसीची रेकॉर्ड लांबी ११२ ठेवा, जुन्या ९२ वर भागत नाही) आणि आधी सीआरटीबीएनडीआरपीजी डीएफटीएसीटीजीआरपी(*येस) ने कंपाइल करा. ओव्हररायड, फाइल उघडणं आणि आरसीएलआरएससी या तिन्ही बाबतींत तो जुन्यासारखाच वागतो. सर्व्हिस प्रोग्राम (अनेकांनी वापरायच्या सामायिक रूटीनांचा संच) मात्र तेव्हा बांधता येत नाही. ते हवं झालं की पूर्ण साखळी, म्हणजे मेनूखालचा सीएल आणि त्याने कॉल केलेले सगळे, एकदमच एका नाव दिलेल्या ग्रुपमध्ये न्या. सीमेवर फक्त पॅरामीटर जाऊ द्यात, ओव्हररायड नको. *न्यू ग्रुप सारख्या कॉल होणाऱ्या प्रोग्रामला देऊ नका, प्रत्येक कॉलला ग्रुप बांधायचा आणि मोडायचा खर्च पडतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे मेसेज. आरपीजी-३ चे मेसेज आरपीजी०९०७ असे, आरपीजी-४ चे आरएनक्यू०९०७. डब्ल्यूआरकेआरपीवायएलईमध्ये, म्हणजे मेसेजना आपोआप जाणाऱ्या उत्तरांच्या यादीत, जुन्या नावाने उत्तरं ठेवली असतील तर ती लागणार नाहीत आणि रात्रीचा बॅच उत्तराची वाट बघत सकाळपर्यंत अडकून पडेल. सीएलमधला आरपीजी९००१ चा मॉनएमएसजीही (एरर मेसेज पकडणारी कमांड) असाच निकामी होतो. तिथे आरएनएक्स९००१ आणि सीईई९९०१ जोडा.