कॅनव्हासवर स्टॅम्प मारून वरून थर दिला की शाई का पसरते?

तुम्ही लिहिलंय की गेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) दिला, अ‍ॅक्रेलिक रंग दिला, काळा स्टॅम्प सुरेख उमटला आणि वरून मीडियमचा (अ‍ॅक्रेलिकचाच बिनरंगी, चिकट द्राव) ब्रश फिरवला तशी शाई पसरून सगळं गढूळ झालं. यात तुमच्या हाताचा दोष नाही. गडबड शाईची आहे.

ग्रीटिंग कार्डांसाठी मिळतात त्यातली बरीच पॅड पाण्यातल्या डाय शाईची, म्हणजे रंग पूर्ण विरघळलेल्या शाईची असतात. कागद ती शाई पिऊन घेतो. वाळलेलं अ‍ॅक्रेलिक म्हणजे मात्र प्लॅस्टिकच, त्यात ती मुरणार कुठे? वर नुसती बसून राहते आणि ओला ब्रश लागला की उठते. पिगमेंट शाईही (हिच्यात रंगाची न विरघळणारी बारीक पूड असते) अशा गुळगुळीत थरावर लवकर वाळत नाही, दुसऱ्या दिवशीसुद्धा बोटाला लागते. इथे काच-पत्र्यावर चालणारी सॉल्व्हंट शाई हवी, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या रसायनात कालवलेली, उदाहरणार्थ स्टेझऑन ब्रँडची. ती काही मिनिटांत वाळते आणि पाण्याला दाद देत नाही. स्टॅम्प मात्र लगेच पुसायचा.

माझा पहिला प्रताप ऐका. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर मी खोडरबरात कोरला आणि घरात होती म्हणून शिक्क्याची जांभळी शाई वापरली. आवडलं नाही म्हणून वरून पांढरा रंग दिला. थोड्या वेळाने मोर पुन्हा हजर! तीन हात दिले तरी जांभळी झाक वर येतच राहिली. शेवटी सगळ्यावर काळा फासला.

आता मी बारीक नक्षी थेट कॅनव्हासवर मारतच नाही. भेटवस्तूत घालतात त्या पातळ पांढऱ्या टिश्यू कागदावर मारते, पूर्ण वाळू देते, मग कडा हाताने फाडते (कात्रीने कापलेली सरळ कड लपत नाही). खाली आणि वर मॅट मीडियम लावून चिकटवलं की कागद जवळजवळ पारदर्शक होतो आणि नक्षी रंगातच उमटल्यासारखी दिसते. कॅनव्हासच्या विणीमुळे रेघ तुटण्याचा प्रश्न मिटतो, आणि ठसा बिघडला तर कागदच वाया जातो. थेटच मारायचा असेल तर चौकटीच्या आत मावतील अशी जुनी पुस्तकं खाली ठेवा, नाहीतर कॅनव्हास मधोमध लवतो आणि ठसा अर्धवट येतो.

रंगाखालच्या थरात चिकटवायला जुनं पंचांग, वर्तमानपत्र, सातबाऱ्याची झेरॉक्स, काहीही चालतं. घरच्या इंकजेटवरची प्रिंट तेवढी नको, तीही पाण्याने फुटते. चिकटवल्यावर पातळ गेसोचा हात दिला की अक्षरं मागे सरतात.

आमच्या परभणीच्या मे महिन्यात वेगळीच पंचाईत असते: जाड नक्षीसाठी स्लिपरच्या तळव्यातून कापलेला स्टॅम्प रंगात बुडवून कॅनव्हासपर्यंत नेईतो रंग वाळलेला. म्हणून मी पहाटे बसते, पंखा बंद, आणि रंगावर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारत राहते. सगळं घामाघूम, पण ठसे स्वच्छ येतात.

तुमचा आत्ताचा कॅनव्हास टाकू नका. जिथे शाई अजून शाबूत आहे तिथे अ‍ॅक्रेलिक वार्निशचा स्प्रे फूटभर लांबून, अगदी हलका, दोन-तीनदा मारा. दर वेळी वाळू द्या, ओला थर पडू देऊ नका. मगच ब्रश लावा, आणि आधी कोपऱ्यात.