आजोबांच्या कपाटातली पोथी परदेशी पाठवायची का?

जुनी पोथी सापडली, विकू का, अशी पत्रं येतच असतात. पण तुमचं पार्सल बांधून तयार आहे म्हणून आधी तेवढंच सांगतो, पाठवू नका. आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटात मासिकांच्या गठ्ठ्याखाली हाताने लिहिलेली सचित्र पोथी मिळाली, परदेशातला माणूस घ्यायला तयार आहे, कुरियरवर 'जुनं पुस्तक' लिहिलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नाही.

सगळं त्या शेवटच्या पानावर आहे. तुमच्या फोटोत लिहिणाऱ्याने शके 1771 टाकलंय, त्यात 78 मिळवले की 1849 साल येतं. अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अॅक्ट 1972 मध्ये पुरावस्तू ठरायला इतर वस्तूंना 100 वर्षं लागतात, पण ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखिताला 75 पुरतात, आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवायला कलम 3 खाली खासगी माणसाला बंदी आहे, शिक्षा किमान 6 महिने, जास्तीत जास्त 3 वर्षं, वर दंड. आता शक जुन्या प्रतीवरून तसाच उतरवला असेल अशीही शक्यता असते, पण ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. वाद झाला तर कलम 24 प्रमाणे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ठरवतो आणि तो निर्णय अंतिम असतो.

सचित्र हस्तलिखितांची नोंदणीही करावी लागते, ताब्यात आल्यापासून 15 दिवसांत. तुम्ही चार महिने घालवले, आणि वर ते सुटलेलं पान सेलोटेपने चिकटवलंत, नेमकं शक लिहिलेल्या ओळीवरून! ताबा कधीपासून धरायचा, पोथी सापडल्यापासून की आजोबा गेल्यापासून, यावर युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज या आठवड्यात द्या, उशिराचं कारण खरं ते लिहा. टेप स्वतः काढू नका, हस्तलिखितं दुरुस्त करणाऱ्याकडूनच काढून घ्या.

'सरकार जप्त करेल का' म्हणता, तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेल्या धनाला आहे, कपाटातल्या पोथीला नाही. नोंद केली म्हणून मालकी जात नाही, उलट नोंद टाळली तर जप्ती होऊ शकते. काका-आत्यांचा हिस्सा आहे का, ते मृत्युपत्र बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या गिऱ्हाइकाला मात्र आजच नाही म्हणून कळवा, लेखी.