वॉर्डात नव्याने लागलेल्या जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे सिस्टरांच्या हाताखालची मदतनीस) मुलीसाठी

अगं, स्पंज देताना, चादर बदलताना पेशंटजवळ तूच असतेस, म्हणून बारीकसारीक बदल आधी तुलाच दिसतो. माकडहाड आणि टाचा रोज बघ. दाबल्यावरही लाली फिकी पडत नसेल तर बेडसोरची (एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची) ती सुरुवात असते, सिस्टरांना लगेच दाखव. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही; तिथं हाताला गरम किंवा कडक लागतंय का ते पाहा.

पुण्याच्या वॉर्डात भोर, जुन्नरकडची म्हातारी माणसं कितीही दुखलं तरी “बरं हाय” म्हणतात. त्यावर थांबू नकोस. श्वास पूर्ण एक मिनिट मोज, तेही मोजतेय हे न सांगता, कारण कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात.

“पेशंट अस्वस्थ” असं लिहू नकोस. “रात्री २.१०, तीनदा उठून बसल्या, छातीत भरून आलंय म्हणाल्या, सिस्टरांना सांगितलं” असं लिही. अर्थात अशा वेळी आधी धावत जाऊन सांगायचं, वही नंतर. चुकलं तर एकच रेघ मारून सही कर, व्हाइटनर नाही. आणि न केलेलं काम आधीच भरून ठेवणं मला अजिबात खपत नाही.

इनटेक-आउटपुट, म्हणजे पेशंटच्या पोटात किती पाणी-पातळ गेलं आणि लघवीवाटे वगैरे किती बाहेर पडलं, ते लिहिताना नातेवाइकांनाही विचार. बाहेरून आणलेलं नारळपाणी कुणी आपणहून सांगत नाही, आणि किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम धोक्याचं असतं.