नवीन थेरपिस्टसाठी: आधी वेळापत्रक सांभाळा

पहिल्याच वर्षी थकवा आला म्हणून हे काम आपल्याला जमणार नाही, असं मनाला लावून घेऊ नका. सध्या एवढंच पाहा:

१. सेशन ५० मिनिटांचं ठरलंय, तर ५० मिनिटांतच संपवा. तासातल्या उरलेल्या दहा मिनिटांत नोंदी लिहा, पाणी प्या, खुर्चीवरून उठा. नवखे लोक नेमकी हीच दहा मिनिटं क्लायंटला देऊन टाकतात आणि रात्री घरी नोंदी लिहीत बसतात. गंभीर मानसिक आघाताच्या केसेस पाठोपाठ घेऊ नका.

२. सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या केसेसवर होणाऱ्या चर्चेला, फक्त छान चाललेल्या केसेस नेण्यात काय हशील? जिचं नाव डायरीत दिसलं की पोटात गोळा येतो, ती आधी न्या.

३. रात्री-अपरात्री मेसेजला उत्तर मिळणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. तातडीच्या वेळी कुणाला गाठायचं तेही तिथेच ठरवा.

आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणारा थकवा, आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलाय. म्हणजे केसेस बेसुमार असतील तर नुसत्या ध्यानाने भागणार नाही, वरिष्ठांशी बोलून त्या कमी करून घ्याव्या लागतील. क्लायंटने सेशन रद्द केलं की दर वेळी हायसं वाटायला लागलं, तर हे बोलणं लांबवू नका. कोर्स, वर्कशॉप वगैरे नंतर बघू.